आधी चहा

"तितं माझं काय न्हाई न्हवं?" हौसाक्काने विचारलं. घेवडा पाखडायचं सूप तिने मांडीवर तसंच धरून ठेवलं होतं.

मी तिच्या ओसरीवर समारंभाची पत्रिका घेऊन बसले होते. आमच्या डॉक्टर गोंधळेकरबाईंची आयुष्यभराची कागदपत्रं विद्यापीठ आपल्याकडे घेणार होतं. त्यांच्या नावाचं दालन उघडणार होतं, आणि जुन्या पेशंटांपैकी कुणीतरी तिथे यावं अशी बाईंची फार इच्छा होती. मनाच्या दुखण्यावर इलाज असतो हे साताऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हापासून बाई ते काम करत होत्या. मी त्यांची मदतनीस. हौसाक्काची नि माझी ओळख तिथलीच.

"रांगोळी कुठं उरते का अक्का?" मी म्हणाले. "तुमच्या हातानं पुसलीत. मी समोर उभी होते."

"व्हय, पुसली व्हती." तिने जरा विचार केला. "तुमी सांगताय म्हंजी न्हाईच."

तेवढ्यात तिचा मुलगा धनाजी आतून शर्टाची बटणं लावत आला. कॉलेजात जाणारा, हसरा पोरगा. पत्रिका त्याने मोठ्याने वाचून दाखवली, कारण हौसाक्काला वाचता येत नव्हतं. मग मला म्हणाला, "मावशी, आमच्या आईवर बी लिवलं पायजे कुणीतरी. पोरीसाठी हिरीत उडी मारलेली बाई हाय ती. समदं गाव सांगतं." हौसाक्काने मान खाली घातली आणि घेवडा पुन्हा पाखडायला घेतला.

हौसाक्का हे तिचं खरं नाव नाही. गावही मी बदललं आहे. एवढं तरी मला करता येतं.

आता बाईंविषयी सांगते. विलायतेला शिकून त्या साताऱ्याला परत आल्या आणि सदर बझारातल्या वडिलांच्या बंगलीच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी पाटी लावली. आडनाव गोंधळेकर, पण घरात चमचासुद्धा कधी जागा चुकला नाही. गावातले डॉक्टर त्यांना हसत. वेड्यांची मास्तरीण म्हणत. बाईंनी विलायतेहून चित्रांच्या चाचण्या आणल्या होत्या, कागद-पेन्सिली आणल्या होत्या. येणाऱ्या बायका त्या पेन्सिलीला हातच लावत नसत. पेन्सिल म्हणजे तलाठी, पेन्सिल म्हणजे कोर्टातला कारकून. पेन्सिलीने उमटलेलं कधी ना कधी कुणीतरी आपल्यासमोर धरतं, हे खेड्यातल्या बाईला शाळेत न जाताही माहीत असतं.

मग बाईंना ती युक्ती सुचली. खोलीतली सतरंजी त्यांनी काढून टाकली आणि काळी शहाबादी फरशी उघडी केली. समोर रांगोळीचा डबा ठेवला. "घरचं काहीतरी काढ," एवढंच त्या म्हणायच्या आणि खिडकीशी जाऊन बसायच्या. एरवी वर न बघणाऱ्या बायका चिमूट उचलायच्या. उंबऱ्याशी रोज काढतोच की आपण, आणि ती उद्या पुसायचीच असते, त्यात भ्यायचं काय? सासू, नवरा, मेलेलं मूल, विकलेली गाय, सगळं त्या फरशीवर उतरायचं. मग बाई जवळ बसून हळूहळू विचारायच्या. निघताना ज्या बाईची रांगोळी, तिनेच ती तळहाताने पुसायची, हा तिथला नियम. "तुझं तुझ्याबरोबर गेलं, इथे काही राहिलं नाही," असं बाई प्रत्येकीला सांगायच्या. त्यांचा आवाज तेव्हा इतका खरा असायचा की मलाही माझं सगळं सांगून टाकावंसं वाटायचं. एकदोनदा मी सांगितलंही.

पुसण्याच्या आधी मात्र चहा. बोलणं संपलं की बाई मला हाक मारायच्या, "कुमुद, हिला आधी चहाला घेऊन जा." मी त्या बाईला मागच्या पडवीत न्यायची. आलं घालून, साखर थोडी जास्त टाकून मी चहा करायची. रडून आलेल्या माणसाला गोड लागतं. बाईंची सक्त ताकीद होती की घाई करायची नाही, चांगल्या दोन गोष्टी बोलायच्या, मगच परत आणायचं. तोवर त्या दार लावून आत टिपणं लिहीत बसायच्या. मला त्या चहाचं फार कौतुक होतं. डॉक्टर पुष्कळ असतात, पण पेशंटच्या पोटात चहा गेला की नाही हे बघणारी आमची बाई एकटीच, असं मी माहेरी-सासरी सांगत फिरायची.

हौसाक्का आली ती तेव्हा पंचविशीची असेल. आठ महिने तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. नवरा भला माणूस होता. त्यानेच सांगितलं ते असं : चार वर्षांची मुलगी खेळता खेळता विहिरीत पडली, हिने मागोमाग उडी घेतली. लोकांनी हिला वर काढलं, मुलगी गेली. गावाने हिला देवीसारखी मानली, बायका पाया पडून गेल्या, आणि त्या दिवसापासून हिची वाचा बसली.

तिसऱ्या खेपेला तिने चिमूट उचलली. आधी विहीर काढली, नीट गोल, रहाटासकट. मग घराचा उंबरा. आणि मग उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत पावलं. दिवाळीत लक्ष्मीची काढतो तसलीच, फक्त ही घराबाहेर जाणारी. सगळी मोठी. मी दाराशी उभी होते. बाई खाली बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि हलकेच म्हणाल्या, "लहान पावलं कुठायत गं?"

हौसाक्काचे ओठ हलले. आठ महिन्यांनी ती बोलली.

"कडंवर व्हती."

मुलगी खेळता खेळता पडली नव्हती. हौसाक्का तिला कडेवर घेऊन, दोघींचं संपवायलाच निघाली होती. का निघाली, ते मी सांगणार नाही. त्या दुपारी ते तिने सगळं सांगितलं, मी ऐकलं, आणि ते तिचं आहे. गाव जेवढी शाबासकी देत होतं तेवढी तिची जीभ आत जात होती, इतकंच सांगते. बोलून झाल्यावर ती कोसळली. "कुमुद, हिला आधी चहाला घेऊन जा," बाई म्हणाल्या. पडवीत तिने दोन कप चहा घेतला. माझा हात घट्ट धरून ठेवला. मग परत येऊन तिने आधी पावलं पुसली, एकेक करून, आणि शेवटी विहीर. पुढे ती वर्षभर येत राहिली. बरी झाली. धनाजी झाला तेव्हा त्याला बाईंच्या पायावर घालायला आली होती. नवऱ्याला खरं सांगायचं का, हे तिने बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर. तिला कधी वाटलं नाही. आणि नवरा गेल्यावर तर तो प्रश्नच उरला नाही, असं तिला नि मलाही वाटलं.

बाईंना आणखी एक नाद होता, फोटोंचा. बागेत शेवंती नि गुलाब होते, त्यांचे फोटो काढायच्या. कॅमेरा विलायतेचा, नेहमी खोलीतल्या कपाटावर. रोल धुवायला पुण्याला जायचे. भिंतीवर एक शेवंती आणि एक गुलाब एवढेच लागले होते. मी चिडवायची, बाई, एवढ्या रोलांत तर अख्ख्या साताऱ्याच्या लग्नांचे फोटो निघाले असते. त्या हसायच्या.

बाईंनी काम थांबवलं आणि कागदपत्रं विद्यापीठाला द्यायचं ठरलं, तेव्हा ती लावायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. आख्खा उन्हाळा आम्ही दोघी त्यात होतो. विलायतेच्या प्रोफेसरांची पत्रं, भाषणांचे कच्चे खर्डे, बाईंचे परीक्षेचे पेपर, डबे ठेवायच्या जागेत सापडलेली एक न पाठवलेली राजीनाम्याची चिठ्ठी. पेशंटांची टिपणं वेगळी. त्यांच्या वरच्या कोपऱ्यात नावगाव असे. मी कात्रीने प्रत्येक कोपरा कापला आणि कपटे बंबात घातले. बाई आरामखुर्चीतून बघत असत. "शाबास," म्हणत. आमच्या बाईंनी कुणाचं नाव बाहेर जाऊ दिलं नाही असं उद्या लोक म्हणतील, आणि त्यात माझ्या कात्रीचाही वाटा असेल, या विचाराने मला किती बरं वाटायचं!

शेवटी पत्र्याचे तीन डबे राहिले. त्यांवर बाईंच्या अक्षरात 'बाग' लिहिलेलं होतं. उघडू का विचारलं तर म्हणाल्या, "फुलांचे फोटो गं. त्यात काय लावायचंय? तसेच जाऊ देत." टेंपोत ते डबे मीच नेऊन ठेवले. वर ओझं नको म्हणून सगळ्यांत वर ठेवले.

समारंभाच्या दिवशी धनाजी आईला घेऊन वेळेआधीच आला. हौसाक्का नवं इरकल नेसली होती. कुलगुरूंचं भाषण झालं, शाल-श्रीफळ झालं. बाई पांढऱ्या पातळात, ताठ बसल्या होत्या. मला भरून येत होतं. मग फीत कापली आणि आम्ही सगळे दालनात शिरलो.

आत भिंतीवर काचेच्या चौकटी होत्या. मी पहिल्या चौकटीपाशी गेले आणि मला कळेना की हे मी कुठे पाहिलंय. काळी फरशी, पांढरी रेघ. एक गाय, तिच्या गळ्यात माणसाचा हात. ही गायवाली मला साखर कमी घाला म्हणायची. पुढच्या चौकटीत एका सुनेचं घर, दार नसलेलं. त्याच्यापुढे आणखी. माझ्या डोळ्यांदेखत बायकांनी तळहाताने पुसलेलं सगळं तिथे होतं, एकही रेघ न हललेलं.

शलाका नावाची तरुण प्राध्यापिका जवळ आली. हे सगळं तिनेच लावलं होतं. फार उत्साही, चांगली मुलगी. "बागेच्या डब्यांत खजिना निघाला हो," म्हणाली. "प्रत्येक फोटोच्या मागे बाईंनी टीप लिहिलीय. नावं घातली नाहीत मी, फक्त आद्याक्षरं. बाईंनी सगळं डोळ्यांखालून घातलंय."

मी हौसाक्काला शोधायला वळले, तोवर उशीर झाला होता. ती एका चौकटीपुढे उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण विहीर ओळखता येत होती. धनाजी तिच्या शेजारी उभा राहून, ओसरीवर पत्रिका वाचली तशा खणखणीत आवाजात खालचा कागद वाचत होता.

"ह. ज., कोरेगाव तालुका. वय पंचवीस. आठ महिने मौन." तो हसला. "आई, ही तर तुझ्यागतच हाय की कुणीतरी." आणि पुढे वाचत गेला. "उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत पावले. मुलाची पावले नाहीत. विचारल्यावर पहिले शब्द..."

तिथे तो थांबला. पुढचे दोन शब्द त्याने मनात वाचले. त्याखाली आणखी तीन ओळी होत्या, त्याही वाचल्या असणार. मग त्याने चित्राकडे पाहिलं. पावलांवरून त्याची नजर विहिरीपर्यंत गेली आणि परत उंबऱ्यापाशी आली. आईकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"मी गाडी काढतो," तो म्हणाला आणि लोकांतून वाट काढत बाहेर गेला.

हौसाक्का जागची हलली नाही. तेवढ्यात पाठीमागून बाईंचा आवाज आला. त्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांना सगळं दिसलं होतं. आवाज अगदी तोच, शांत नि मायेचा.

"कुमुद, हिला आधी चहाला घेऊन जा."

आणि मला कळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की चहा आधी का. पुसायच्या आधी का. पडवीत घाई करायची नाही, चांगल्या दोन गोष्टी बोलायच्या, दार लावलेलं असायचं. आल्याचा चहा मी करत होते आणि आत बाई कपाटावरचा कॅमेरा काढत होत्या. मी म्हणजे त्या कॅमेऱ्याचाच एक भाग होते.

मी बाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "बाई, चहा यासाठी होता?"

त्यांनी विचारलं नाही की कशासाठी. "रांगोळी पुसली जाते, कुमुद," त्या म्हणाल्या. "म्हणून तर काढत होत्या त्या. आणि म्हणून तर मला..."

"तुम्ही शब्द दिला होता त्यांना."

"मुंबईच्या परिषदेत मी हे सांगितलं तेव्हा भर सभेत हसले लोक. म्हणाले, बाई हळदीकुंकू करतात. पुरावा काय दाखवणार होते मी, पुसलेली फरशी?" त्यांनी शालीचा काठ सारखा केला. "त्या बऱ्या होऊन गेल्या गं सगळ्या. माझं काय राहिलं असतं?"

"मला सांगायचंत."

"तुला सांगितलं असतं तर तुझा चहा तसा झाला नसता," बाई म्हणाल्या. त्यांना ते कौतुकच वाटत होतं. त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला, आणि मी तो धरला नाही. ज्या बाईच्या शब्दावर मी माझं घर, माझी दुपार, माझं सगळं तारुण्य टाकलं होतं, तिने मला दाराबाहेर बसवण्यापुरतं वापरलं होतं, आणि वरून मला शाबासकीही देत होती. हौसाक्काची जीभ शाबासकीने का बसली असेल, ते मला तेव्हा नीट समजलं.

मी शलाकाला ती चौकट उतरवायला सांगितलं. ती भांबावली, बाईंच्या सहीचा कागद आहे म्हणाली, बाईंना विचारते म्हणाली. ती विचारायला गेली. मी हौसाक्काजवळ परत आले.

तिने पदराने डोळे पुसले नव्हते, कारण ती रडत नव्हतीच. तिने उजवा तळहात काचेवर ठेवला होता आणि ती पुसत होती. त्याच क्रमाने. आधी पावलं, उंबऱ्यापासून एकेक. मग विहीर. काचेवर तिच्या हाताचा ओलसर डाग उमटला आणि विरून गेला. काचेमागची पावलं तशीच राहिली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"अक्का," मी म्हणाले, "मला माहीत नव्हतं. आईशप्पथ, मला यातलं काही माहीत नव्हतं."

तिने हात खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. बाईंकडे तिने शेवटपर्यंत पाहिलं नाही. बाई तिच्यासाठी डॉक्टर होत्या, मोठ्या होत्या, त्या काय करतील ते करतील. तिने धरला होता तो हात माझा.

"तुमच्या हातचा चहा लई ग्वाड असायचा, कुमुदताई," ती म्हणाली.

एवढं बोलून ती बाहेर गेली. बाहेर धनाजी मोटारसायकल चालू करून पाठमोरा बसला होता. ती मागे बसली. एरवी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. त्या दिवशी तिने दोन्ही हातांनी मागची कडी धरली.

पुढे तिच्याविषयी मला एवढंच कळलं, की हौसाक्काची वाचा पुन्हा बसली आहे.